भाकरी आहे, कोरड्यास नाही: परसबाग नेमकी कुठली भूक भागवते?

कोल्हापूर जिल्ह्यात बसून भुकेबद्दल लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथं कुठली आलीय भूक? शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, नदीकाठ हिरवा झाला, ऊस आला, कारखाने आले, घराघरात दुधाचा धंदा आला. रेशनवर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं पात्र घरांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. उपाशीपोटी झोपणारं घर शोधायला गेलं तर सहजी सापडणार नाही, हे खरंच आहे.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे बघा. पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांतली ३५ वयाच्या मानानं बुटकी. १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर १०० पैकी जवळजवळ ६९ रक्तक्षयाची. हे आकडे सगळ्या राज्याचे आहेत, पण ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी थोडा वेळ बसलात तर ते कागदावरचे वाटणार नाहीत.

म्हणजे पोट भरतंय आणि अंगाला लागत नाहीये. भूक दोन जातीची असते. एक पोटाची. ती धान्यानं भागते. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं काढली, ती या भुकेसाठी. दुसरी भूक लोहाची, कॅल्शियमची, अ आणि क जीवनसत्त्वांची, प्रथिनांची. ती पोटात कालवत नाही, कळ काढत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही. पोरगं चिडचिडं होतं, सारखं आजारी पडतं, वर्गात पेंगतं. बाई जिना चढताना दमते आणि ‘आता वय झालं’ म्हणते, वय बत्तीस असताना.

छोट्या जागेत भाजीपाला लावून भूक हटवायची असं कुणी म्हणालं की यातली कुठली भूक, हे आधी विचारायला हवं. त्यावर पुढचं सगळं ठरतं.

थोडा हिशेब करू. कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी तरी लागतात. १०० ग्रॅम ज्वारीतून साडेतीनशेच्या आतबाहेर मिळतात, म्हणजे सहाशे ग्रॅम ज्वारीत काम भागतं. पालेभाजीच्या १०० ग्रॅममध्ये मोठ्या मुश्किलीनं तीस-चाळीस कॅलरी. तेवढंच पोट पाल्यावर भरायचं तर रोज पाच-सहा किलो पाला खावा लागेल. गुरांना जमतं, माणसाला नाही. म्हणून परसबागेतून धान्याची गरज भागेल, घर स्वयंपूर्ण होईल, अशी स्वप्नं कुणी दाखवली तर हात जोडून नको म्हणा. भाकरीचं काम शेतानं आणि रेशननं करायचं.

पण भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचं, म्हणजे भाजी-आमटीचं काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते की भाजी आणि फळं मिळून माणशी रोज किमान ४०० ग्रॅम पोटात जायला हवीत. पाच माणसांच्या घराला दोन किलो. वर्षाला ७३० किलो. आता एक गुंठा जागा घ्या, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, जवळपास १०० चौरस मीटर. मधल्या वाटा सोडून आणि वर्षातले दोन-तीन हंगाम धरून चौरस मीटरला वर्षाकाठी तीन किलो भाजी निघाली, असा सावध अंदाज केला तरी ३०० किलो होतात. गरजेच्या चाळीस टक्के, तेही घराला खेटून, बाजाराची वाट न बघता. शहरात दहा बाय दहाचा तुकडा असेल तर पंचवीस-तीस किलो. ऐकायला ते कमी वाटतं. मात्र त्यात काय लावलंय यावर सगळं अवलंबून आहे. तीस किलो कोबी आणि तीस किलो शेवग्याचा पाला यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

बांधावरचा पावटा कुठं गेला

बाजारात भाजी मिळते की, मग लावायची कशाला? मिळते. पण श्रावण-भाद्रपदात मेथीची पेंडी काय भावानं जाते ते मंडईत जाणाऱ्याला विचारा. हातात पैसे कमी असले की आधी भाजीला कात्री लागते, कारण भाकरी-चटणीवरही पोट भरतं. आणि शिजलेली भाजी पुरेशी नसेल तर शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात रस्सा तेवढा उरतो.

यापेक्षा मोठं कारण शेतातच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जुन्या मिश्र शेतीत भाजी वेगळी लावावी लागत नसे. बांधावर पावटा, तूर. ज्वारीत मूग, चवळी. खुरपणीला गेलेल्या बायका लुगड्याच्या ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत घेऊन यायच्या. तण म्हणून उपटलेलंच संध्याकाळी तव्यावर पडायचं. ऊस आला तसा बांध अरुंद झाला, ज्वारी गेली. नंतर मजूर मिळेनात म्हणून तणनाशक आलं. ऊस हा गवताच्या कुळातला. उसात सर्रास वापरलं जाणारं टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या वनस्पती मारतं आणि गवताच्या कुळातल्या पिकाला राखतं. तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत सगळ्या रुंद पानाच्या. पावटा, चवळी, मूगही. एका फवारणीत तण जातं आणि त्याबरोबर फुकटचं कोरड्यासही जातं. पीक म्हणून कुणी मोजलं नव्हतं, म्हणून ते गेल्याची नोंद कुठंच झाली नाही.

मला वाटतं, ऊसपट्ट्यात परसबागेचं काम हेच आहे: बांधावरून आणि खुरपणीतून जे घरात यायचं, त्याला पुन्हा जागा करून देणं. जाता जाता एक सूचना. हेच तणनाशक वाऱ्यावर उडून दीडशे-दोनशे फुटांवरच्या टोमॅटोची, वेलवर्गीय भाज्यांची आणि शेंगभाज्यांची पानं वेडीवाकडी करतं. बाग उसाला लागून असेल तर मध्ये गवती चहाची दाट ओळ ठेवा आणि फवारणीच्या दिवशी शेजाऱ्याला वाऱ्याची दिशा बघायला सांगा.

आधी कायम उभी राहणारी झाडं

बहुतेक जण हौसेनं टोमॅटो, कोथिंबिरीपासून सुरुवात करतात. पोषणाच्या हिशेबानं क्रम उलटा हवा. एकदा लावलं की वर्षानुवर्षं देत राहणारं आधी.

त्यात पहिला मान शेवग्याचा. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. त्या १०० ग्रॅम ओल्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधातल्यापेक्षा अडीच पट. शिवाय अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं तो बीटा कॅरोटीन भरपूर, लोह, क जीवनसत्त्व आणि पालेभाजीच्या मानानं चांगली प्रथिनं. शेवगा दारात नको असं जुनी माणसं म्हणतात. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडून पडते, हे त्यामागचं पटण्यासारखं कारण. उपाय सोपा आहे: झाड वाढू द्यायचंच नाही. बी टाकून तीन-चार फुटांवर शेंडा खुडायचा. फुटवे फुटले की दर महिन्या-दीड महिन्यानं कोवळा पाला कापून घ्यायचा आणि पुन्हा छातीच्या उंचीवर छाटायचं. दोन फूट अंतरावर अशी पाच-सहा झाडं कुंपणाला लावली तर पाच माणसांना आठवड्यातून दोनदा पाला पुरतो. कोवळी पानं आमटीत, भाकरीच्या पिठात, थालीपिठात कुठंही खपतात. जास्त आला तर सावलीत वाळवून पूड करून ठेवायची. वाळवताना क जीवनसत्त्व जातं, कॅल्शियम आणि लोह राहतं.

शेवग्याच्या जोडीला कढीपत्ता, एक लिंबू, एक पपई. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं अळू आणि केळ, आपल्याकडं पूर्वीपासून असतंच तसं. साबणाच्या पाण्यावर कच्ची खायची पालेभाजी मात्र घेऊ नका.

लिंबाचा आग्रह धरण्याचं कारण वेगळं आहे. पालेभाजीतलं लोह अंगात सहजी शिरत नाही. जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळं अडतं. भारतीय आहारशास्त्र सांगतं की प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. तेव्हा भाजीवर लिंबू पिळणं आणि चहा तासभर पुढं ढकलणं या बिनखर्ची गोष्टी बागेइतक्याच महत्त्वाच्या. तसंच बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतं. माठाच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालायची आपली रीत त्या दृष्टीनंही उत्तम.

कायमच्या झाडांनंतर पालेभाज्या. इथं एकच चूक सगळीकडं होते: पूर्ण वाफा एकाच दिवशी पेरला जातो. महिन्यानं मेथीचा ढीग, शेजारीपाजारी वाटणं, आणि मग दीड महिना काही नाही. वाफ्याचे चार पट्टे करा आणि दर आठवड्याला एकच पट्टा पेरा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते. पाचव्या आठवड्यात पहिला पट्टा रिकामा होऊन पुन्हा पेरायला तयार. माठ, राजगिरा, पालक उपटू नका, कापा, दोन-तीनदा फुटतात. वाफा तीन-साडेतीन फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. तुडवलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात.

वेलांना मृगात जागा द्या: दोडका, कारली, पडवळ, भोपळा. आणि पावटा, ज्याला आपल्याकडं वरणाही म्हणतात. जून-जुलैत मांडवावर चढवलेला वरणा थंडीत शेंगांनी लगडतो, भोगीच्या भाजीला घरचा होतो. तो हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतो, त्यामुळं त्याच्या जागी पुढच्या खेपेला माठ-पालक जोमानं येतात.

माती, पाचट आणि पोतं

या विषयावर कोल्हापूरशी जोडलेलं एक मोठं नाव आहे: श्री. अ. दाभोळकर. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे हे प्राध्यापक शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा करते झाले. त्यांची मांडणी गणितीच होती. पानावर पडणारं ऊन हे मूळ भांडवल; जमिनीच्या प्रत्येक फुटावर वर्षभर किती हिरवं पान उभं राहतं, त्यावर उत्पन्न ठरतं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं ते सांगत. तो आकडा प्रत्येकाला गाठता येईल असं नाही. निगराणी फार लागते. पण त्यांचा मूळ विचार छोट्या बागेला तंतोतंत लागू पडतो. उघडी माती म्हणजे वाया गेलेलं ऊन. खाली माठ, मध्ये मिरची-वांगी, वर मांडवावर वेल, कडेला शेवगा. एकाच जागेत तीन मजले.

मातीसाठी आपल्याकडं जे भरपूर आहे ते आपण जाळतो: उसाचं पाचट. बागेत ते सोनं आहे, फक्त मातीत मिसळायचं नाही. पाचटात कर्ब फार, नत्र नगण्य. मातीत गाडलं तर कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. तेच वरून तीन-चार बोटं आच्छादन म्हणून पसरलं तर ओल टिकते, तण दबतं, आणि खालचा थर हळूहळू कुजत राहतो. वर शेणकाला शिंपडला तर आणखी बरं. चुलीच्या राखेबद्दल मात्र गाव बघून ठरवा. राधानगरी, आजरा, चंदगडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीला मूठभर राख मानवते. शिरोळ भागात पाण्याच्या अतिवापरानं जमिनी क्षारपड झाल्यात. तिथं राख टाकणं म्हणजे दुखण्यात भर.

पावसाचंही तसंच. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, शिरोळकडं पाचशे-सहाशे. पश्चिमेकडं वाफा जमिनीपासून फूटभर उंच हवा, नाहीतर आषाढात मुळं कुजतात. तिथं अळू, सुरण, रताळी, मांडवावरचे वेल तग धरतात. पूर्वेकडं वाफा जरा खोलगट करून आच्छादन जाड ठेवायचं. नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ बघितलंय. पुराचं पाणी सांडपाणी घेऊन येतं, म्हणून बुडालेली पालेभाजी धुऊनही खाऊ नये. अशा ठिकाणी निम्मी बाग उचलून वर नेता येईल अशी, म्हणजे पोत्यांत आणि क्रेटमध्ये असावी.

पोत्यातली बाग कशी करतात ते नीट सांगतो, कारण ज्याला जमीनच नाही त्याला हाच मार्ग. नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत हजारो घरांनी ती केली. पन्नास किलोचं प्लास्टिकचं पोतं घ्या, खताचं असेल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुवा. बूड आणि वर दोन्हीकडून कापलेला तेलाचा डबा पोत्यात मधोमध उभा करा. डब्यात खडी भरा, डब्याभोवती दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. भरत भरत डबा वर ओढत न्या. पोतं भरलं की डबा निघतो आणि मध्ये वरपासून खालपर्यंत खडीचा खांब राहतो. आता पोत्याच्या अंगाला वीतभर अंतरावर, एकाखाली एक येणार नाहीत अशा तिरक्या चिरा पाडा. प्रत्येक चिरेत माठाचं, पालकाचं नाहीतर चाकवताचं रोप, मुळं आतल्या बाजूला किंचित खाली झुकवून. वरच्या तोंडावर एखादं मिरचीचं किंवा टोमॅटोचं रोप. पाणी फक्त खडीवर ओतायचं. ते खांबातून खाली उतरत सगळ्या थरांत पसरतं. खांब नसेल तर वरचा थर चिखल होतो आणि खालची रोपं वाळतात. दीड-दोन चौरस फुटांच्या जागेत पंधरा-वीस रोपं बसतात. ऊन रोज चार तास तरी हवं, फळभाज्यांना सहा.

पेठांतल्या स्लॅबवर हे करताना वजनाचा विचार करा. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढं जाते. पोती गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींवर आणि तुळयांवर येतील अशी ठेवा. मातीचा भाग कमी करून पालापाचोळ्याचं खत आणि नारळाचा भुसा वाढवा. रंकाळ्यातली किंवा पंचगंगेतली जलपर्णी खतासाठी फुकट मिळते म्हणून आणू नका. सांडपाण्यातले जड धातू ती शोषून ठेवते.

आपल्या सणांत याची आठवण अजून आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरटीविना, हातानं खणून आलेलं: माठ, अळू, पडवळ, काकडी, भोपळा, सुरण. गौरीला शेपूची भाजी-भाकरी. त्या यादीतली बहुतेक नावं घराच्या मागच्या जागेत येणारीच आहेत.

काय होतं आणि काय होत नाही

१९९० नंतर सोव्हिएत मदत तुटली तेव्हा हवानात रिकाम्या जागांवर भाजीचे वाफे उभे राहिले आणि शहराची ताजी भाजी मोठ्या प्रमाणात तिथूनच येऊ लागली. बांगलादेशात रातांधळेपणा हटवण्यासाठी घराभोवतीच्या बागांचा कार्यक्रम अनेक वर्षं चालला. अशा प्रयत्नांच्या अभ्यासांतून काय दिसतं? ताटातले प्रकार वाढतात, अ जीवनसत्त्वाचं सेवन वाढतं, हे बऱ्यापैकी ठाम. मुलांची उंची वाढते का, याचा पुरावा मात्र कच्चा आहे. उंचीवर आईची गरोदरपणातली तब्येत, पिण्याचं पाणी, संडास, वारंवारचे जुलाब या सगळ्यांचा भार असतो. बी-१२ तर भाजीत नसतंच. त्याला दूध, अंडी, मासे, मटण हवं. चार-पाच गावठी कोंबड्या बागेला जोडल्या तर किडे त्या खातात, खत त्या देतात आणि पोरांना अंडी मिळतात. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलंय तिला भाजी पुरणार नाही, दवाखानाच गाठायला हवा.

आणि एक घर आहे जिथं परसबाग हा शब्दच पोचत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळ खोपी पडतात, चार-पाच महिन्यांनी उठतात. आई-बाप पहाटे फडात, पोरं खोपीत, डब्यात भाकरी आणि चटणी. मेथी-माठ महिन्यात येतात, म्हणजे एका हंगामात पोत्यातून तीन-चार वेळा पाला निघू शकतो. पण दिवसभर फडात राबणाऱ्या बाईवर आणखी एक काम टाकणं मला पटत नाही. हे काम कारखान्याच्या आवारात, अंगणवाडीच्या हाती आणि पगारी माणसाकडून व्हायला हवं. पाणी कारखान्याकडं आहे, कुजलेली मळी (उसाचा रस गाळताना उरणारा गाळ) आहे, जागा आहे. ज्या उसावर जिल्हा उभा राहिला तो तोडणाऱ्यांच्या पोरांसाठी चार वाफे हे फार मोठं मागणं नाही.

ज्यांना घरी सुरुवात करायची आहे त्यांनी गावातल्या अंगणवाडी ताई किंवा राज्याच्या उमेद अभियानातल्या बचत गटाकडं चौकशी करावी. पोषण परसबागेची मोहीम त्यांच्यामार्फत राबवली गेली आहे. माती, रोग, वाण याबद्दल विचारायला जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. बियाणं संकरित घेण्याऐवजी सरळ वाणाचं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच पेरता येईल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपण्याचं जे काम केलं, त्याला २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली. भोपळ्याचं, दोडक्याचं पहिलं निरोगी फळ वेलावर पूर्ण पिकू द्या. बी काढून सावलीत वाळवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत भरा आणि वर नाव व वर्ष लिहून चिठ्ठी चिकटवा. वेलवर्गीय बी असं दोन-तीन वर्षं उगवतं. शेपू, कोथिंबिरीचं मात्र वर्षभरात वापरून टाका.